सीमेवरचा कार्बन कर: हवेला किती, तिजोरीला किती?

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या सहा प्रकारच्या मालाला एक नवा हिशेब लागू झाला आहे. माल तयार होताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला हे आयातदाराने सांगायचे आणि युरोपातील कारखान्यांना टनामागे जो दर पडतो त्याच दराने पैसे भरायचे. या व्यवस्थेचे अधिकृत नाव ‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सीबॅम’ म्हणतात, आणि निर्यातदार तिला सरळ ‘कार्बन टॅक्स’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत ती प्रमाणपत्रांची खरेदी असली, तरी आयातदाराच्या खिशातून पैसे जातात आणि त्यांचा भार शेवटी मालाच्या किमतीवर येतो. म्हणून या लेखात तिला करच म्हटले आहे.

या कराबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. युरोपच्या मते हवामान वाचवण्याच्या लढाईतील ही हरवलेली कडी होती. भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील यांच्या मते ही पर्यावरणाच्या नावाखाली उभारलेली व्यापाराची भिंत आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि दोन्ही बाजू काही गोष्टी सोडून देतात. या कराने हवा किती स्वच्छ होते, झळ कोणाला बसते, पैसा कुठे जातो आणि आपण काय करावे, या चार प्रश्नांवर आज जे हाती आहे त्याचा हा आढावा.

कर आला कशातून?

धुराचा त्रास सगळ्यांना होतो, पण धूर सोडणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. ती किंमत कराच्या रूपाने त्याच्याकडून घ्यावी, हा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडला. युरोपीय संघाने २००५ मध्ये तो उत्सर्जन परवान्यांच्या बाजाराच्या रूपात आणला. कारखान्यांनी एकूण किती कार्बन सोडायचा याची मर्यादा ठरते, तेवढे परवाने निघतात आणि ज्याला जास्त हवेत तो विकत घेतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये टनामागचा हा दर शंभर युरोंच्या वर गेला होता.

मात्र हा दर फक्त युरोपातील कारखान्यांना लागू होता. जर्मनीतील पोलाद महाग झाले आणि बाहेरचे स्वस्त राहिले, तर उत्पादन बाहेर जाईल आणि त्याबरोबर धूरही बाहेर जाईल. अभ्यासक याला ‘कार्बन गळती’ म्हणतात. ती रोखण्यासाठी युरोपने पोलाद, सिमेंट अशा उद्योगांना वर्षानुवर्षे बरेचसे परवाने फुकट दिले. त्यामुळे कारखाने देशात टिकले, पण भट्ट्या बदलण्याची निकडही उरली नाही. गळतीचे ठोस पुरावे आजवर फारसे सापडलेले नाहीत, याचे एक कारण या फुकट परवान्यांत आहे. ज्या उद्योगांना झळ बसायची त्यांना ती बसूच दिली नाही.

जुलै २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने यावर तोडगा मांडला. फुकट परवाने टप्प्याटप्प्याने बंद करायचे आणि तोच भार आयात मालावरही टाकायचा. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन ५५ टक्क्यांनी कमी करण्याच्या कार्यक्रमाचा हा भाग होता. मे २०२३ मध्ये कायदा झाला. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ या काळात पैसे न घेता फक्त तिमाही माहिती मागवली गेली आणि आता प्रत्यक्ष आकारणीचा काळ सुरू झाला आहे.

याआधीचे तीन प्रयोग

सीमेवर पर्यावरणाचा कर घेण्याचा हा पहिलाच प्रयत्न नाही. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांवर अमेरिकेने १९८९ मध्ये कर बसवला, तेव्हा ती रसायने वापरून परदेशात बनलेल्या मालालाही तो लावला होता. मात्र त्यामागे जगातील देशांनी एकत्र बसून केलेला मॉन्ट्रियल करार उभा होता. कॅलिफोर्नियाने २०१३ पासून आपल्या परवाना बाजारात शेजारच्या राज्यांतून येणारी वीजही धरली. तिथे एक अडचण दिसून आली. शेजारी राज्ये आपली स्वच्छ वीज कॅलिफोर्नियाला विकू शकत होती आणि कोळशाची वीज घरी वापरू शकत होती. कागदावर उत्सर्जन घटले तरी एकूण हवेत फरक पडेलच असे नव्हते.

तिसरा प्रयोग आपल्याशी थेट जोडलेला आहे. २०१२ पासून युरोपने आपल्याकडे येणाऱ्या आणि आपल्याकडून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांनाही परवान्यांच्या बाजारात ओढले. सप्टेंबर २०११ मध्ये दिल्लीत जमलेल्या देशांनी त्याला विरोध केला होता, आणि भारत व चीन यांनी आपल्या विमान कंपन्यांना युरोपला माहिती देऊ नका असे सांगितले. अखेर नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपला आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी हा नियम थांबवावा लागला. पुढे २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने स्वतंत्र योजना आणली, ती त्याहून बरीच सौम्य आहे.

एकत्रित विरोधाने युरोप मागे हटू शकतो, हा धडा भारताने त्यातून घेतला. युरोपने घेतलेला धडा वेगळा होता. या वेळी त्याने कर परदेशी कंपनीवर न लावता स्वतःच्याच आयातदारावर लावला. त्यामुळे माहिती देऊ नका असे सांगून आता काही साधत नाही. माहिती दिली नाही, तर युरोप स्वतःच ठरवलेला, वर अधिभार जोडलेला उत्सर्जनाचा आकडा धरतो आणि माल आणखी महाग होतो.

हिशेब कसा बसतो?

या कराबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज त्याच्या पहिल्या वर्षाच्या ओझ्याबद्दल आहे. फुकट परवाने २०२६ मध्ये केवळ २.५ टक्क्यांनी कमी होतात, २०२८ पर्यंत १० टक्के, २०३० पर्यंत ४८.५ टक्के आणि २०३४ मध्ये पूर्ण बंद होतात. त्यावरून अनेकांनी समजूत करून घेतली की २०२६ मध्ये आपल्यालाही पूर्ण कराच्या २.५ टक्केच भरावे लागतील. वस्तुस्थिती तशी नाही. युरोपातील कारखान्याला फुकट परवाने मिळतात ते ठरावीक मापदंडाइतके, आणि सूट मिळते तीही त्याच मापदंडापुरती. मापदंडाच्या वरचा सगळा कार्बन पहिल्या दिवसापासून पूर्ण दराने मोजला जातो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका टन पोलादामागे २.५ टन कार्बन, मापदंड १.४ टन आणि दर टनाला ७५ युरो धरू. २०२६ मध्ये मापदंडाच्या ९७.५ टक्के, म्हणजे १.३६५ टन, वजा होतील. उरलेल्या १.१३५ टनांचे सुमारे ८५ युरो होतात. २०३० मध्ये हीच रक्कम सुमारे १३३ युरो होईल आणि २०३४ मध्ये १८७ युरोंच्या पुढे जाईल. स्वच्छ पद्धतीने बनवलेल्या पोलादात एका टनामागे कार्बन मापदंडाइतकाच असेल, तर पहिल्या वर्षीचे ओझे तीन युरोंच्याही आत राहील. म्हणजे हा कर देशावर पडत नाही, भट्टीवर पडतो. एकाच देशातील दोन कारखान्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

२०२५ मध्ये नियमांत काही बदल झाले. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदारांना वगळण्यात आले. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे यामुळे सुमारे ९० टक्के आयातदार सुटतात, तरी ९९ टक्के उत्सर्जन कक्षेतच राहते. २०२६ च्या आयातीची प्रमाणपत्रे फेब्रुवारी २०२७ पासून विकत मिळतील. डिसेंबर २०२५ मध्ये आयोगाने पोलाद व ॲल्युमिनियम भरपूर असलेल्या सुमारे १८० उत्पादनांनाही २०२८ पासून या कक्षेत आणण्याचा प्रस्ताव मांडला. नुसत्या पत्र्यावर आणि सळईवर कर लावला, तर तयार यंत्र किंवा सुटा भाग बाहेरूनच घेतला जाईल, हे युरोपच्या लक्षात आले आहे.

हवेला किती?

आतापर्यंतचे अंदाज संगणकीय प्रारूपांवर बेतलेले आहेत, कारण आकारणी नुकतीच सुरू झाली आहे. तरी त्यांची दिशा एकच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेने, म्हणजे अंकटाडने, २०२१ मध्ये टनामागे ४४ डॉलर दर धरून हिशेब मांडला. युरोपातून होणारी कार्बन गळती १३.३ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर येईल, पण जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सीबॅममुळे होणारी घट जेमतेम ०.१ टक्क्याची असेल, असे त्यात दिसले. आशियाई विकास बँकेच्या २०२४ च्या अहवालात दर १०० युरो धरला होता, तरी जागतिक उत्सर्जनातील घट ०.२ टक्क्यांपेक्षा कमीच निघाली.

इतकी कमी घट का, याची तीन कारणे आहेत. पहिले कारण मालाचे. जगात बनणाऱ्या पोलादाचा मोठा भाग बनतो त्याच देशात खपतो. युरोपला जाणाऱ्या थोड्या मालावर कर लावून बाकीच्या भट्ट्या बदलत नाहीत. भारतात वर्षाला सुमारे १५ कोटी टन पोलाद बनते आणि निर्यात होते ते त्यातले काही टक्केच.

दुसरे कारण कॅलिफोर्नियात दिसले तेच. भंगारापासून बनलेले पोलाद युरोपला पाठवायचे आणि कोळशावर बनलेले दुसऱ्या बाजारात विकायचे, एवढ्या फेरफाराने कंपनीचा कर वाचतो. एकाही धुराड्यातून कमी धूर निघत नाही.

तिसरे कारण नियमातच आहे. पोलाद, ॲल्युमिनियम आणि हायड्रोजन यांच्या बाबतीत आज फक्त कारखान्यात थेट सुटणारा कार्बन धरतात, वापरलेल्या विजेमागचा धरत नाहीत. एक टन ॲल्युमिनियमला सुमारे १४ ते १५ हजार युनिट वीज लागते. ओडिशा, छत्तीसगड आणि उत्तर प्रदेशातील ॲल्युमिनियम कारखाने मुख्यतः स्वतःच्या कोळशाच्या विजेवर चालतात, त्यामुळे त्यांच्या कार्बनचा फार मोठा भाग आज या हिशेबाबाहेर आहे. ही सवलत कायम राहील असे कोणी गृहीत धरू नये. विजेचा कार्बन उद्या धरला, तर भारतीय ॲल्युमिनियमचे गणित पूर्ण बदलेल.

एवढ्यावर थांबून हा कर पर्यावरणाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरवता आला असता. पण त्याचा मोठा परिणाम सीमेवर दिसत नाही, तो इतर देशांच्या राजधान्यांत दिसतो. मूळ देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बनची किंमत या करातून वजा मिळते. त्यामुळे प्रत्येक सरकारपुढे एकच प्रश्न उभा राहतो: हा पैसा ब्रुसेल्सला जाऊ द्यायचा की आपल्याच तिजोरीत घ्यायचा? ब्राझीलने डिसेंबर २०२४ मध्ये उत्सर्जन व्यापाराचा कायदा केला. चीनने मार्च २०२५ मध्ये आपल्या परवाना बाजारात पोलाद, सिमेंट आणि ॲल्युमिनियम आणले. तुर्कस्तानने जुलै २०२५ मध्ये हवामान कायदा मंजूर केला. प्रत्येकाची स्वतःची वेगळी कारणेही आहेत, पण युरोपच्या कराने या निर्णयांना घाई आणली हे नाकारता येत नाही. जागतिक बँकेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील सुमारे २८ टक्के उत्सर्जनावर आज कुठली ना कुठली कार्बन किंमत आहे. हवेला होणारा खरा लाभ झाला तर या वाटेने होईल.

झळ कोणाला?

अंकटाडच्या त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत बोलका आहे. टनामागे ४४ डॉलर दराने विकसित देशांचे उत्पन्न २५० कोटी डॉलरने वाढते आणि विकसनशील देशांचे ५९० कोटी डॉलरने घटते. जगाच्या अर्थव्यवस्थेपुढे या रकमा लहान आहेत, पण पैशाचा प्रवाह गरिबाकडून श्रीमंताकडे वाहतो आहे.

सरासरीत न दिसणारी झळ आणखी तीव्र आहे. मोझांबिकचे ॲल्युमिनियम जवळजवळ सगळे युरोपला जात असे. त्या देशाच्या निर्यातीतील इतका मोठा हिस्सा एकाच धातूचा आणि एकाच बाजारावर अवलंबून होता, की जागतिक बँकेच्या मोजणीत तो सर्वाधिक धोक्यातील देशांत गणला गेला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि आफ्रिकन क्लायमेट फाउंडेशन यांच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, हा कर सगळ्या आयात मालावर लागू झाला तर आफ्रिकेच्या एकूण उत्पन्नात ०.९१ टक्के घट होईल. जगाच्या तापमानवाढीत ज्या खंडाचा वाटा सर्वांत कमी, त्याला हे भोगावे लागेल.

झळ युरोपलाही बसते. पोलाद महाग झाले की मोटारी आणि यंत्रे बनवणाऱ्यांचा खर्च वाढतो. बाहेर माल विकणाऱ्या युरोपीय उत्पादकांना फुकट परवाने गेल्याची भरपाई सीमेवर मिळत नाही. खतांवरील भारामुळे तिथले शेतकरी नाराज आहेत.

भारताचा विचार करता, ग्लोबल ट्रेड रिसर्च इनिशिएटिव्ह या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या आपल्या निर्यातीपैकी २७ टक्के, म्हणजे ८.२ अब्ज डॉलरचा माल, युरोपीय संघात गेला. देशाच्या एकूण उत्पन्नाशी तुलना केली तर हा आकडा लहान वाटेल, पण पोलाद उद्योगापुरता तो मोठा आहे. आपली अडचण भट्टीत आहे. पोलाद मंत्रालयाच्या २०२४ च्या आराखड्यानुसार भारतात एक टन कच्च्या पोलादामागे सरासरी २.५४ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, जगाची सरासरी सुमारे १.९ टन आहे. आपल्याकडे भंगार कमी, नैसर्गिक वायू महाग आणि कोळसा हाताशी, म्हणून झोतभट्ट्या आणि कोळशावर चालणारे स्पंज आयर्नचे कारखाने वाढले. जगात सर्वाधिक स्पंज आयर्न भारत बनवतो आणि त्यातले बहुतेक कोळशावर बनते.

लहान उद्योगांपुढे वेगळेच संकट आहे. नट-बोल्ट, पाइप फिटिंग बनवणाऱ्या कारखानदाराच्या स्वतःच्या शेडमध्ये फारसा कार्बन सुटत नाही. त्याच्या मालातला कार्बन त्याने विकत घेतलेल्या पोलादातून येतो. त्या पोलादाचा उत्सर्जनाचा दाखला मोठ्या पोलाद कारखान्याने दिला नाही, किंवा माल व्यापाऱ्यांच्या दोन-तीन हातांतून आला, तर त्याच्याजवळ दाखवायला काहीच राहत नाही. मग युरोपचा ठोकताळा लागू होतो. तो मुद्दाम चढा ठेवलेला आहे आणि २०२८ पर्यंत त्यावरचा अधिभार वाढत जाणार आहे. मान्यताप्राप्त पडताळणी संस्थेचे शुल्क, मोजणीची उपकरणे आणि जाणकार माणूस यांचा खर्च पन्नास कामगारांच्या युनिटला आणि पाच हजार कामगारांच्या कारखान्याला जवळपास सारखाच पडतो. प्रत्यक्ष कराइतकेच हे कागदाचे ओझे लहान उद्योगाला बाजारातून बाहेर काढू शकते.

न्यायाचा आणि कायद्याचा प्रश्न

भारताचा नैतिक आक्षेप भक्कम आहे. एका भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. युरोपीय माणसामागे त्याच्या अडीचपटीहून अधिक सुटतो. शिवाय आज हवेत साचलेल्या कार्बनमध्ये कोळशावर उभ्या राहिलेल्या युरोपच्या औद्योगिक क्रांतीचा वाटा मोठा आहे. १९९२ च्या हवामान कराराने सामायिक पण वेगवेगळ्या जबाबदाऱ्यांचे तत्त्व मान्य केले, आणि हवामानाच्या नावाखाली उचललेली एकतर्फी पावले व्यापारातील मनमानी भेदभाव ठरू नयेत, असेही त्यात लिहिले. मोझांबिक आणि अमेरिका यांच्याकडून एकाच दराने पैसे घेणारा कर या तत्त्वात बसवणे अवघड आहे.

व्यापार कायद्यातले चित्र मात्र इतके स्पष्ट नाही. देशी आणि परदेशी मालाला समान वागणूक द्यावी, असा गॅट कराराचा नियम आहे. संपुष्टात येणारी नैसर्गिक साधने वाचवण्यासाठी त्याच्या विसाव्या कलमात अपवादही आहे. भारत या वादात पूर्वी उतरला होता. समुद्री कासवांना वाचवणारी जाळी न वापरता पकडलेली कोळंबी अमेरिकेने रोखली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ च्या निर्णयात अपील मंडळाने अशा उपायाला तत्त्वतः जागा आहे असे मानले, पण अमेरिकेने तो मनमानी भेदभावाने राबवला म्हणून दोष दिला. अमेरिकेने अंमलबजावणी सुधारली आणि २००१ मध्ये तो उपाय टिकला. सीबॅमचा निकालही असाच अंमलबजावणीच्या तपशिलावर ठरण्याची शक्यता आहे. मे २०२५ मध्ये रशियाने त्याविरुद्ध संघटनेत सल्लामसलतीची मागणी केली, पण संघटनेचे अपील मंडळ २०१९ च्या अखेरीपासून ठप्प आहे. त्यामुळे तिथून लवकर काही हाती लागेल या आशेवर धोरण आखता येणार नाही.

युरोपची बाजू सर्वांत दुबळी आहे ती पैशाच्या प्रश्नावर. जमा होणाऱ्या रकमेचा ७५ टक्के भाग संघाच्या अर्थसंकल्पात घेण्याचा प्रस्ताव आहे. गरीब देशांना मदत करण्याबद्दल कायद्याच्या प्रस्तावनेत चांगले शब्द आहेत, पण सीमेवर गोळा झालेला पैसा त्या देशांच्या भट्ट्या बदलण्यासाठी परत देण्याचे बंधन कुठेही नाही. हेतू खरोखर हवामानाचा असेल, तर हा पैसा जिथून आला तिथल्या हवेसाठी खर्च व्हायला हवा. ही मागणी भारताने प्रत्येक व्यासपीठावर ठामपणे लावून धरावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे झालेल्या हवामान परिषदेत व्यापारविषयक उपायांवर संवाद सुरू करण्याचे ठरले. तिथे ती मांडायला जागा आहे.

आपले उत्तर

करारांच्या मार्गाने भारताने प्रयत्न केले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, पण १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या ब्रिटनच्या स्वतःच्या कार्बन सीमा करातून सूट मिळाली नाही. २७ जानेवारी २०२६ रोजी युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली, तिथेही सीबॅममधून सूट मिळालेली नाही. यापुढे सूट मागण्याइतकीच घरातली तयारीही महत्त्वाची आहे.

घरात आपला एक अनुभव जमेस आहे, आणि तो फारसा सुखाचा नाही. २०१० मध्ये भारताने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. कार्बनला किंमत लावणाऱ्या देशांत आपण लवकर उतरलो होतो. तो पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी होता, पण त्यातील बराच भाग त्या कामी लागलाच नाही, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तो राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये कोळशावरचा भरपाई उपकर बंद झाला आणि वस्तू व सेवा कराचा दर ५ वरून १८ टक्के झाला. कर राहिला, पण त्याच्याशी कार्बनचे नाव जोडलेले राहिले नाही. कार्बनची किंमत म्हणून युरोपपुढे दाखवण्यासारखा हक्काचा आकडा आपल्या हातून गेला.

आता २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना उभी राहते आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या देखरेखीखालील या योजनेत नऊ उद्योग येणार आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद उद्योगांना बंधनकारक लक्ष्ये मिळाली. योजना योग्य दिशेने आहे, पण तिची रचना नीट समजून घ्यायला हवी. इथे एकूण उत्सर्जनावर मर्यादा नाही, एका टन मालामागच्या उत्सर्जनावर आहे. जो कारखाना लक्ष्य चुकवेल त्यालाच क्रेडिट विकत घ्यावे लागेल. ज्याने लक्ष्य गाठले त्याने प्रत्यक्ष किंमत मोजली असे युरोप मानणार नाही, आणि क्रेडिटचा दर कमी राहिला तर वजावटही नाममात्रच मिळेल.

म्हणून निर्यातीच्या मालापुरती तरी खरीखुरी, दाखल्यावर दिसणारी कार्बन किंमत देशातच आकारणे आणि तो पैसा त्याच उद्योगाच्या बदलासाठी राखून ठेवणे, हा मार्ग गांभीर्याने तपासला पाहिजे. वरच्या उदाहरणातले युरोपला जाणारे ८५ युरो इथेच राहिले, तर त्यातून लहान कारखान्यांची मोजणी होऊ शकते, भंगार गोळा करण्याची व्यवस्था उभी राहू शकते आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या पोलादाच्या चाचण्यांना बळ मिळू शकते. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेत पोलादाच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी ४५५ कोटी रुपये आहेत. देशाच्या पोलाद उद्योगाचा आकार पाहता ही सुरुवातच म्हणावी लागेल. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ‘हरित पोलादा’ची व्याख्या केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल त्याला तारांकित दर्जा मिळतो. सरकारी बांधकामांत हे पोलाद बंधनकारक केले, तर घरचाच मोठा बाजार त्याच्यामागे उभा राहील.

महाराष्ट्रापुढचा निर्णय

महाराष्ट्राला हा प्रश्न दोन टोकांना भिडतो. एका टोकाला पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींतील सुटे भाग बनवणारे उद्योग आहेत. मोटारींचे सुटे भाग आणि बरेचसे ओतीव काम आज सीबॅमच्या यादीत नाही. पण यादी वाढते आहे, आणि युरोपला माल देणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे कार्बनचा हिशेब आजच मागू लागल्या आहेत. जालन्यातील सळईच्या कारखान्यांचा माल मुख्यतः देशातच खपतो. तरी तिथल्या विजेवरच्या भट्ट्यांत भंगार किती आणि कोळशावरचे स्पंज आयर्न किती, हाच आकडा पुढे त्यांच्या मालाची पत ठरवेल.

दुसऱ्या टोकाला गडचिरोली आहे. सुरजागडच्या लोहखनिजावर पूर्व विदर्भात पोलादाचे नवे प्रकल्प येत आहेत. एकदा उभारलेली झोतभट्टी दशकानुदशके चालते, म्हणजे आजचा निर्णय २०३४ नंतरच्या जगातही आपल्याला बांधून ठेवेल. देशाचे ३० कोटी टन पोलाद क्षमतेचे लक्ष्य जुन्या पद्धतीच्या भट्ट्यांनी गाठले, तर युरोपचा बाजार जाईलच, आणि आपली हवाही जाईल. शेजारच्या चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्येच अतिप्रदूषित क्षेत्र ठरवले होते. सीबॅम फक्त हरितगृह वायू मोजतो. चंद्रपूरजवळच्या घुग्घुसच्या घरांवर बसणारी धूळ आणि तिथल्या माणसांच्या छातीत जाणारी राख त्याच्या हिशेबात नाही. ती मोजायची जबाबदारी आपलीच आहे.

निवाडा

सगळा आढावा घेतल्यावर माझे मत असे झाले आहे. आयात मालावरचा कार्बन कर थेट हवेसाठी फार थोडे करतो, आणि त्याची झळ ज्यांनी सर्वांत कमी धूर सोडला त्यांना अधिक बसते. युरोपने गोळा केलेला पैसा त्या देशांच्या बदलासाठी परत दिला नाही, तर न्यायाच्या कसोटीवर हा कर नापास आहे. पण तो अन्यायकारक आहे म्हणून आपल्या भट्ट्यांचा धूर कमी होत नाही. विदर्भाचा उन्हाळा आणि मराठवाड्याचा दुष्काळ हा धूर कोणाच्या भट्टीतला आहे असे विचारून येत नाहीत.

त्यामुळे दोन्ही कामे एकाच वेळी करायला हवीत. परिषदांत न्यायाची मागणी पूर्ण ताकदीने लावून धरावी, आणि देशात कार्बन मोजून, त्याची किंमत लावून, तो पैसा पारदर्शकपणे उद्योगाच्या बदलासाठीच वापरावा. कोळसा उपकराच्या पैशाचे जे झाले ते पुन्हा होऊ नये यासाठी संसदेत दरवर्षी त्याचा स्वतंत्र हिशेब मांडला जावा. राज्य सरकारने प्रत्येक मोठ्या औद्योगिक वसाहतीत लहान कारखान्यांसाठी सामायिक मोजणी केंद्र सुरू करावे, आणि गडचिरोलीतील नव्या प्रकल्पांना परवानगी देताना टनामागच्या कार्बनची अट घालावी. २०३४ ला आता फार वर्षे उरलेली नाहीत, आणि नवी भट्टी उभारायलाच तीन-चार वर्षे जातात.